भाड्याच्या जागेतलं दादर



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांच्यासमोर दादरचं कौतुक करायची सोय नव्हती. 'दादर म्हणजे मराठी संस्कृतीचं माहेरघर' असं कुणी सुरू केलं, की ते चष्मा पुसायला घेत आणि मग शांतपणे विचारत, "वर्गणी भरलीत का?" त्यामुळे आज मी कौतुक आवरतं घेणार आहे. या भागातल्या जागेचा हिशेब मांडायचा, एवढाच माझा इरादा आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची लोकल गाठायची आहे त्यांना मधूनच उठायला हरकत नाही. दादरला जे नाटक, वाचन, क्रिकेट, सभा, राजकारण बहरलं, त्याचं श्रेय आपण दादरकरांच्या सुसंस्कृतपणाला देतो. माझ्या मते त्यातलं निम्म्याहून अधिक श्रेय भाड्याला आहे. बेताच्या पगारात परवडणारी जागा, ती सोडावी लागणार नाही ही खात्री, आणि दारात फुकटचं मैदान. या तीन गोष्टी होत्या तोवर दादर दादर होतं. माणसं काही आकाशातून पडली नव्हती. ती गिरगावातून, कोकणातून, पुण्याहून, पालघाटहून आणि तंजावरहून आली होती.

त्याआधी इथे काय होतं? नारळी आणि ताडामाडाची बनं, भातखाचरं, दलदल, किनाऱ्याला कोळ्यांची वस्ती. माड छेदणारे भंडारी इथले जुने रहिवासी. आपण ज्याला नुसतं 'पोर्तुगीज चर्च' म्हणतो आणि टॅक्सीवाल्याला पत्ता म्हणून सांगतो, ते आवर लेडी ऑफ सॅल्व्हेशनचं चर्च 1596 चं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीचं. आजची त्याची इमारत मात्र चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात नव्याने उभी केली. दादरच्या 'मूळच्या' मराठीपणाबद्दल बोलताना हे चर्च आणि भंडाऱ्यांची वाडी लक्षात ठेवलेली बरी. आपण ज्याला दादर म्हणतो, तो मध्यमवर्गीय मुलूख फार तर शंभर वर्षांचा आहे, आणि तो ठरवून वसवलेला आहे.

वसवला कुणी? एका अर्थी प्लेगने. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. काही महिन्यांत निम्मी मुंबई गाव गाठायला निघाली, गिरण्या ओस पडल्या, गोदीतला व्यापार थंडावला. सरकार हाललं ते व्यापार बसला तेव्हा. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दोन कामं एकाच वेळी हाती घेतली. जुन्या शहरात दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढायचे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातले. आणि उत्तरेला, शहराच्या वेशीवर, मोकळी जमीन घेऊन आखीव वस्ती करायची. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा सगळा पट्टा त्या दुसऱ्या कामातला. नकाशे विसाव्या शतकाच्या तोंडावरच तयार झाले, पण जमीन ताब्यात घेणं, मोबदल्याचे दावे, दलदल भरणं, मग पहिलं महायुद्ध, असं करत वस्ती खरी उभी राहिली ती विसाच्या आणि तिसाच्या दशकांत. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, तोवर पाया पडला होता.

सरकारदरबारी दादर हे उपनगर जिल्ह्यात कधीच नव्हतं. शहराची हद्द माहीम आणि शीवपर्यंत होतीच. पण फोर्टात नोकरी करणाऱ्या गिरगावकराला 1920 साली दादर म्हणजे गावाबाहेरच. तिथे राहायला जाणाऱ्याला 'एवढ्या लांब?' असं विचारत. आज हाच प्रश्न बदलापूरला जाणाऱ्याला विचारतात.

ट्रस्टने भूखंड विकले नाहीत, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले, आणि पट्ट्याबरोबर अटी घातल्या. इमारत तळमजला अधिक दोन मजले. भूखंडाचा ठरावीक भाग मोकळा. रस्त्यापासून अंतर. हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांत किंवा पारशी कॉलनीत आजही ज्या जुन्या इमारती उरल्या आहेत, त्यांची उंची एकसारखी दिसते ती कुणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे; तसं करारातच लिहिलं होतं. पारशी कॉलनीची गोष्ट थोडी वेगळी. मंचेरजी जोशी या इंजिनिअरने ट्रस्टशी बोलून आपल्या समाजातल्या मध्यमवर्गीयांसाठी 103 भूखंड राखून घेतले आणि रस्त्या-रस्त्याला झाडं लावली. पाच उद्यानांच्या कडेने संध्याकाळी चालणाऱ्या प्रत्येकाने, तो कुठल्याही धर्माचा असो, त्यांचे आभार मानायला हवेत.

बहुतेक ठिकाणी पट्टेदार इमारत बांधी, बरेचदा एका ब्लॉकात स्वतः राही आणि उरलेले भाड्याने देई. आता हा ब्लॉक जरा नीट पाहू, कारण दादरचा सगळा स्वभाव त्यात आहे.

गिरगावच्या चाळीत एक किंवा दोन खोल्या, समोर लांब गॅलरी, आणि गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. सकाळी डबा हातात घेऊन रांगेत उभं राहणं हा चाळीतला सार्वजनिक दिनक्रम. दादरच्या ब्लॉकात संडास घरात आला. याला त्या वेळी 'सेल्फ-कंटेन्ड' म्हणत आणि जाहिरातीत ते अभिमानाने छापत. पण घरात संडास येणं ही सोवळ्याओवळ्याच्या घरात साधी बाब नव्हती. स्वयंपाकघर, देवघर आणि संडास एका छपराखाली? मग नकाशे काढणाऱ्यांनी तोड काढली. संडास घराच्या अगदी टोकाला ढकलला, मध्ये एक लहानसा बोळ किंवा मागची गॅलरी ठेवली, आणि इमारतीच्या मागच्या अंगाला लोखंडी गोल जिना दिला. हा जिना कुणासाठी? संडास साफ करणाऱ्या माणसासाठी. त्याने पुढच्या जिन्याने यायचं नाही, घरातून जायचं नाही. मागून यायचं, काम करायचं, मागूनच जायचं. पुढच्या बाजूला गोलाकार बाल्कन्या, पायऱ्यांना मोझेक, दारावर इंग्रजी अक्षरांत नावाची पाटी. मागे गंजलेला गोल जिना. मराठी मध्यमवर्गाची आधुनिकता अशी दोन जिन्यांची होती. जुन्या इमारती पाडताना लोक पुढच्या बाजूचे फोटो काढून हळहळतात. एखादा फोटो मागच्या जिन्याचाही काढावा.

आणि इथून चालत जाण्याच्या अंतरावर नायगावच्या बीडीडी चाळी. त्याही विसाच्या दशकातल्या, पण सरकारने बांधलेल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. गिरणीत दोन पाळ्यांत काम करणारी माणसं एकाच खोलीत आळीपाळीने झोपत. मी या बाजूचा. दादरला मी आलो तो पुस्तकं बदलायला.

या दोन जगांमधलं अंतर एका माणसाने स्वतःच्या आयुष्यात ओलांडलं. परळच्या पोयबावडीला ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं त्या चाळीत राहिले. तिथून ते हिंदू कॉलनीत आले, तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेल्या 'राजगृहा'त. पुस्तकांना जागा हवी म्हणून बांधलेलं घर, अशी त्याची ख्याती. दोन्ही पत्ते एकाच ट्रस्टच्या नकाशातले. पण चाळीतली खोली मिळणं आणि कॉलनीत स्वतःचं घर उभं करणं यांच्यामध्ये काय काय होतं, हे दादरच्या इतिहासात एक-दोन ओळींत उरकतात. इतर वस्त्यांप्रमाणेच इथेही भाड्याने जागा देताना जात विचारली जायची, आणि 'आमच्या लोकांसाठी' राखलेल्या इमारती होत्या. ट्रस्टने वस्ती आखली. शेजार कुणाचा असावा हे लोकांनी आपापलं आखून घेतलं.

तरीही दादरच्या बाजूने सांगण्यासारखं काही आहे, आणि ते सांगायलाच हवं. कबुतरखान्यापासून पोर्तुगीज चर्चकडे जाणारा रस्ता एस. के. बोले मार्ग. रोज हजारो लोक त्या पाटीखालून जातात, पण बोले कोण, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. रावबहादूर सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले पुढारी. म्हणजे ताडामाडाच्या बनांतल्या त्या जुन्या रहिवाशांपैकी. त्यांनी ऑगस्ट 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, ते कागदावरच राहिलं, आणि मग 1927 चा सत्याग्रह झाला. महाडला सगळे ओळखतात. बोल्यांचा रस्ता मात्र आपण भाजी घेण्यापुरता वापरतो.

1926 साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून मोठं वादळ झालं. प्रबोधनकार ठाकरे, बोले आणि आंबेडकर एका बाजूला होते, सनातनी मंडळी दुसऱ्या. त्या तंट्यातूनच प्रबोधनकारांनी सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. नव्या वस्तीत जुने मानकरी नव्हते, वतनदार नव्हते, परंपरेने कुणाचा पाट मांडलेला नव्हता. सगळेच भाडेकरू, मग एकाने दुसऱ्याला 'तुझा हक्क नाही' म्हणावं तरी कशाच्या जोरावर? म्हटलं लोकांनी, पण ते ऐकून घेणारे कमी निघाले. हे भांडण इथे इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे झालं, त्याचं एक कारण मला या नवेपणात दिसतं.

रेल्वेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. जीआयपी आणि बीबीसीआय या दोन्ही रेल्वे जिथे शेजारी येतात ते दादर. व्हीटीच्या कचेऱ्या आणि चर्चगेटच्या कचेऱ्या, दोन्हींकडे एका तिकिटात. शिवाय ट्राम. ट्रामचं टोक खोदादाद सर्कलजवळ, म्हणून नंतरही बसवर 'दादर टी.टी.' लिहिलेलं दिसायचं. मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून सुटली, ती दादरलाच आली. डिसेंबर 2023 मध्ये दादरच्या फलाटांना सलग 1 ते 14 क्रमांक दिले. त्याआधी पश्चिमेचा एक नंबर वेगळा आणि मध्यचा वेगळा असल्याने बाहेरगावचे पाहुणे हमखास चुकत. आता नंबर सलग झाले, पाहुणे तरीही चुकतात. गर्दीचा दोष आकड्यांनी कसा जाणार?

तर कारकुनांची वस्ती झाली. रेल्वे, सचिवालय, विमा कंपन्या, बँका, गिरण्यांच्या कचेऱ्या. दुसऱ्या महायुद्धाआधी दादर-माटुंग्याच्या इमारतींवर 'टू लेट'च्या पाट्या लोंबकळत असत, असं जुनी मंडळी सांगत. भाडेकरू मिळावा म्हणून घरमालक आधी रंग काढून देत. मग युद्ध आलं, फाळणी आली, माणसांचे लोंढे आले, आणि पाट्या उतरल्या त्या कायमच्या. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकलं. घरमालकाला ते वाढवता येईना, भाडेकरूला काढताही येईना.

या कायद्याला अर्थशास्त्रज्ञ नावं ठेवतात आणि ते बरोबरच आहे. दुरुस्त्या थांबल्या, पागडीचा काळा व्यवहार फोफावला, नवी भाड्याची घरं बांधायला कुणी धजेना. ज्याला जागा मिळाली त्याला मिळाली. उशिरा आलेल्याने विरार गाठलं. पण नाण्याची दुसरी बाजू पाहा. पुढची पन्नास वर्षं दादरमधल्या एका पिढीला राहण्याचा खर्च जवळपास नव्हता. माणसाच्या पगारातून भाडं वजा होईनासं झालं, की त्याच्याकडे काय उरतं? संध्याकाळ उरते. तो पार्ट-टाइम नोकरी धरत नाही. तालमीला जातो, ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर निवडून येतो, मैदानावर मुलांना नेट लावून देतो, व्याख्यानमाला चालवतो. आपण ज्याला दादरचं सांस्कृतिक वातावरण म्हणतो, ते घरमालकांच्या अनुदानावर चाललं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

जे घराचं, तेच सभागृहांचं. सत्तरच्या दशकात छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने प्रयोग सुरू केले. पडदा नाही, विंगा नाहीत, पंखे फिरले तर फिरले. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी ती जागा इतकी रुजवली, की 'छबिलदास' हे शाळेऐवजी चळवळीचं नाव झालं. नाट्यसमीक्षक त्यावर बरंच लिहितात, त्यातला आशय, त्यातली शैली. मला त्या सभागृहाचं भाडं महत्त्वाचं वाटतं. पाच-पन्नास प्रेक्षक आले तरी बुडीत खर्च होणार नाही अशी जागा हाताशी असल्याशिवाय पडणारं नाटक कोण करणार? आणि पडणारी नाटकं केल्याशिवाय नवं नाटक येत नाही. इथून थोड्याच अंतरावर शिवाजी मंदिर, 1965 पासूनचं व्यावसायिक नाटकाचं ठाणं. दोघांमधला रस्ता नट-मंडळी पायी ओलांडत. तिकडे हाऊसफुल्लचा फलक, इकडे चटया. एका नटाला दोन्हीकडे एकाच आठवड्यात काम करता येई, ते दादरच्या भूगोलामुळे.

त्याआधीही ही जागा कलेला स्वस्त पडली होती. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रीकरण दादर मेन रोडवरच्या बंगल्यात केलं. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्म धुवायला बसत. 1913 च्या मेमध्ये चित्रपट गिरगावात कोरोनेशनला लागला. पण तयार झाला तो इथे, जिथे आवार मोठं होतं आणि शहराच्या मानाने भाडं कमी. पुढे रणजित स्टुडिओ वगैरे याच भागात आले, त्यामागेही तेच गणित. त्या रस्त्याला आता फाळक्यांचं नाव आहे.

आता मैदान. 1925 मध्ये महापालिकेने माहीम पार्क म्हणून ते खुलं केलं आणि 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. सुमारे 28 एकर. भोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर. या कट्ट्यावर बसायला पैसे पडत नाहीत, काही विकत घ्यावं लागत नाही, उठ म्हणणारा कुणी नाही. मुंबईत अशी जागा आज शोधून दाखवा.

रमाकांत आचरेकर सरांचं नेट इथलंच. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. गोलंदाजाने बाद केलं तर त्याचं, फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर फलंदाजाचं. सचिन तेंडुलकर बांद्र्याचा मुलगा. शारदाश्रम शाळेसाठी आणि या नेटसाठी तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला. या गोष्टीतला पराक्रम सगळे सांगतात. मला त्यातले काका-काकू दिसतात. मैदानाजवळ नातेवाइकांची जागा असणं आणि त्या जागेत आणखी एक पोरगं सामावणं, ही त्या काळच्या दादरला शक्य असलेली गोष्ट होती. आज त्याच परिसरात नव्या इमारतीतल्या घराला जो भाव आहे, त्यात भाच्या-पुतण्यांना धरून हिशेब कोण मांडतो?

मैदानावर सभा झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आचार्य अत्र्यांनी इथे हजारोंना हसवत-हसवत पेटवलं. 19 जून 1966 ला शिवसेना स्थापन झाली ती रानडे रोडवरच्या ठाकऱ्यांच्या घरात, आणि 30 ऑक्टोबरला पहिला मेळावा झाला तो इथे. या राजकारणाबद्दल मतं अनेक आहेत. माझा मुद्दा जमिनीपुरता आहे. ठाकऱ्यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कचेऱ्यांमधल्या अधिकाऱ्यांची नावं छापून येत, बहुतेक दाक्षिणात्य. ही माणसं राहत कुठे? त्यांतली कितीतरी माटुंग्याला, रेल्वेच्या पलीकडे, त्याच ट्रस्टच्या त्याच योजनेत. त्याच तळमजला अधिक दोन मजल्यांच्या इमारती, तसाच मागचा गोल जिना, तोच आठ-बावनचा डबा आणि जवळपास तेवढाच पगार. प्लेगनंतरच्या सरकारी नकाशाने दोन कारकून शेजारी-शेजारी वसवले, आणि सत्तर वर्षांनी एकाचा मुलगा दुसऱ्याच्या मुलाच्या नोकरीवर चिडला. घर दोघांचं पक्कं होतं. भांडण नोकरीवरून झालं, कारण टंचाई तिथे होती. त्याच सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. गिरणीतली पाळी गाठणाऱ्याला उभ्याने खाता येईल असं ते अन्न.

आणि 6 डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. 1956 मध्ये बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहावरून निघाली आणि दादरच्या चौपाटीवर पोचली. आज तिथे चैत्यभूमी आहे. दरवर्षी लाखो माणसं येतात, विदर्भातून, मराठवाड्यातून, डोक्यावर गाठोडं, हातात पोरं. शिवाजी पार्कवर मुक्काम. त्या दोन दिवसांत दादरमधली काही कुटुंबं लोणावळ्याला जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. खिडक्या लावून घेतात, नळाला कुलूप घालतात, आणि सात तारखेला मैदानावरच्या कचऱ्यावर पत्र लिहितात. तेच लोक दसऱ्याच्या किंवा मॅचच्या कचऱ्यावर इतकं लिहीत नाहीत. पण त्या मैदानावर त्या दिवसांत काय विकलं जातं, ते जाऊन पाहावं. पुस्तकं. ओळीने पुस्तकांचे ठेले, चरित्रं, संविधानाच्या प्रती, कवितांच्या पुस्तिका, दहा-वीस रुपयांपासून. नांदेडहून आलेली शेतमजूर बाई कनवटीला खोचलेल्या पैशातून दोन पुस्तकं निवडते, एक परत ठेवते, पुन्हा उचलते, विक्रेत्याशी घासाघीस करते आणि शेवटी दोन्ही घेऊन पिशवीत वह्यांच्या शेजारी ठेवते. आपल्या ग्रंथपालांनी आयुष्यभर ज्या वाचकाची वाट पाहिली, तो दरवर्षी पाचशे किलोमीटरवरून दादरला येतो. त्याला आपण गर्दी म्हणतो.

2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. रहिवाशांचं म्हणणं खोटं नव्हतं. ध्वनिवर्धकांचा जाच मीही भोगला आहे. अलीकडे लाल मातीच्या धुळीची तक्रार आहे, तीही खरी. मात्र मैदानाची तक्रार करणारा रहिवासी बदलला आहे, हे लक्षात घ्या. पूर्वी मैदान हा घराचा विस्तार होता, कारण घर लहान होतं. धूळ अंगाला लागलेली असे. आता मैदान हा खिडकीतला देखावा झाला आहे, आणि देखाव्याने आवाज करू नये अशी अपेक्षा असते.

इथे मी मूळ मुद्द्यावर येतो. 1999 चा नवा भाडे नियंत्रण कायदा आला, पागडी अधिकृत झाली, वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य झाली. पण भाड्याच्या दादरचा निकाल कायद्याआधी बाजाराने लावला होता. 2005 मध्ये कोहिनूर मिल क्रमांक 3 ची जमीन 421 कोटी रुपयांना गेली. सेनाभवनासमोरच्या त्या चौकात उभं राहिलं, की जमिनीचा भाव मान वर करून पाहावा लागतो. तळमजला अधिक दोनच्या जागी वीस-वीस, तीस-तीस मजले. जुन्या भाडेकरूला पुनर्विकासात मालकीचं घर मिळतं, पूर्वीपेक्षा मोठं, लिफ्टसकट. त्याने ते नाकारावं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? ज्याने पन्नास वर्षं गळक्या छताखाली काढली, त्याला वारशाच्या गोष्टी सांगायच्या नसतात. मग देखभालीचा महिन्याचा खर्च येतो, पूर्वीच्या भाड्याच्या कित्येक पट. मुलं म्हणतात विकू या. घर विकून दोन घरं डोंबिवलीत किंवा ठाण्यात होतात. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जण 'दादरकर' म्हणवतात आणि मध्य रेल्वेने घरी जातात, हात वर करायला सांगत नाही. मीही त्याच गाडीचा.

घरांचं असं झालं, त्यात निदान राहणाऱ्याला काही मिळालं. सभागृहांचं, व्यायामशाळांचं, वाचनालयांचं काय? पुनर्विकासाच्या करारात संस्थेला जुन्या क्षेत्रफळाइतकी जागा द्यायची असते, तेव्हा ती मिळते बहुधा पोडियमवर, गाड्यांच्या दोन मजल्यांमध्ये, आणि तिचा देखभालखर्च ठरवते नवी सोसायटी. शंभर खुर्च्यांचं सभागृह परत मिळालं म्हणून संस्थेचे पदाधिकारी पेढे वाटतात. वर्षभराने कळतं, की एका संध्याकाळचं भाडं इतकं ठेवावं लागतंय, की चटया टाकून नाटक करणारी पोरं दारातूनच परत जातात. रहिवाशांच्या घरांसाठी वकील उभे राहतात. संध्याकाळच्या भाड्यासाठी कुणी उभं राहत नाही.

म्हणून एक ठोस सूचना करतो आणि थांबतो. इथल्या ज्या संस्थांच्या इमारती येत्या काही वर्षांत पुनर्विकासाला जाणार आहेत, त्यांनी एकत्र बसावं. करारात क्षेत्रफळाबरोबर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: जागा रस्त्याच्या पातळीवर आणि स्वतंत्र दरवाजाची, देखभालखर्च निवासी दराने, तोही पंधरा वर्षं बांधलेला, आणि महिन्यातल्या ठरावीक संध्याकाळी जागा नव्या मंडळींना नाममात्र भाड्याने देण्याचं बंधन संस्थेने स्वतःवर घालून घेतलेलं. तिसरी अट बिल्डरला अडचणीची नाही, आपल्यालाच आहे, कारण लग्नाच्या हॉलचं उत्पन्न कुणाला नको असतं? एकेकट्या संस्थेला बिल्डरचा वकील दाराबाहेर काढेल. दहा संस्था मिळून गेल्या, तर निदान खुर्ची देईल. मसुदा तयार करायला एक निवृत्त वकील आणि महापालिकेच्या विकास नियोजन खात्यात काम केलेले एक गृहस्थ तयार आहेत. दोघेही आज सभागृहात आहेत. ज्या संस्थांना रस असेल त्यांनी ग्रंथालयाच्या कार्यालयात नाव नोंदवावं. कार्यालय सोमवारी बंद असतं.